विसर्जनाचं काय?

पेण म्हटलं की गणपती. इथल्या कारखान्यांतून निघालेल्या मूर्ती पार परदेशात पोचतात. याच पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक नावाचं गाव आहे. तिथे भाव्यांच्या घरी गणपती यायचा, तो मात्र बाजारातून नव्हे. आजोबा शंभूराव घरीच चंदनाची मूर्ती करत आणि चंदन उगाळायचं काम पोरांकडे असे. त्या पोरांत 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेला विन्या होता. पुढे देशानं त्याला आचार्य विनोबा भावे म्हणून ओळखलं. हात भरून येईतो उगाळलेल्या चंदनाचा देव पाण्यात सोडताना पोरांच्या जिवाला काय वाटत असेल! पण ज्या भक्तीनं आवाहन करायचं, त्याच भक्तीनं विसर्जनही करायचं, हा धडा त्या घरात असा दरवर्षी गिरवला जाई.

आपल्या हातातल्या मोबाईलची गोम नेमकी इथे आहे. आवाहन झकास जमतं. विसर्जनाचं नाव नाही.

पेणला माझी एक आत्या राहते. पोह्याचे पापड लाटण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पूर्वी लाटताना शेजारणी जमायच्या. आता पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवलेला असतो. बोटं तेलानं आणि पिठानं बरबटलेली, म्हणून ती करंगळीच्या पेरानं रील वर ढकलते. एक पापड, एक रील. पापडाला एक बरं असतं, पीठ संपलं की तो संपतो. रीलचं पीठ कुणी मळलंय कोण जाणे, ते संपतच नाही. रात्री अकरा वाजता मी म्हणतो, "आत्या, झोप आता." ती म्हणते, "हो रे, हे एवढं बघते नि झोपते." साडेअकराला तेच, बारालाही तेच. सकाळी डोकं दुखतं तेव्हा दोष पित्ताला.

आत्याला हसण्यात अर्थ नाही. 'हे एवढं' कुठे संपतं, हे तिला कळू नये अशीच ती व्यवस्था केलेली आहे. आपल्या लहानपणी प्रत्येक गोष्टीला शेवट होता. पेपर शेवटच्या पानाला संपायचा. पत्र 'लोभ असावा' म्हटलं की संपायचं. दूरदर्शनसुद्धा रात्री आपलं दुकान बंद करून झोपायला जायचं, मग घरच्यांनाही जावंच लागे. 2006 साली अझा रस्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञानं पान न संपता खालून मजकूर येतच राहील अशी युक्ती काढली. हेतू चांगला होता, 'पुढचं पान' दाबायचे कष्ट वाचावेत इतकाच. पण त्या कष्टाबरोबर थांबायची जागाही गेली. पुढे या शोधाबद्दल त्यानं स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. त्यात पुढचं रील मजेदार निघेल की रटाळ, हे आधी कळत नाही. कळत नाही म्हणूनच अंगठा थांबत नाही. आकड्याच्या नादी लागलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

याची किंमत मनाला मोजावी लागते आणि ती सुट्ट्या पैशांत जाते, म्हणून जाणवत नाही. आधी झोप जाते. मग चुलतभावाची नवी गाडी दिसते आणि आपली जुनी एकदम खडखडायला लागते. दोन निळ्या खुणा उमटूनही उत्तर आलं नाही की माणूस रात्रभर हिशेब मांडतो, 'मी काही लागट बोललो का?' तिकडे समोरचा बिचारा दूध उतू गेलं म्हणून फोन ओट्यावर टाकून धावलेला असतो. 2014 सालापर्यंत या निळ्या खुणा नव्हत्या. तेव्हाही लोक उत्तर देत नसत, पण कुणी मनाला लावून घेत नसे.

अर्थात हातात फोन दिसला की लगेच माणसाला रोगी ठरवायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत मोबाईल-संगणकावरच्या खेळांचं व्यसन आहे. पण त्यासाठी ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणं, नुकसान दिसत असूनही हात न थांबणं, आणि हे सगळं साधारण वर्षभर चालणं, अशी लक्षणं पाहतात. तिथवर पोचलेल्याला डॉक्टरच हवा. सरकारची 'टेली मानस' सेवा 14416 या क्रमांकावर आहे, तीही फोनवरच! काट्यानं काटा काढायचा, दुसरं काय. आपण बाकीचे नुसते शेवट हरवलेले लोक.

विनोबांकडे या हरवलेल्या शेवटाचा एक नमुना सापडतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली. 21 फेब्रुवारी ते 19 जून, 18 रविवार, 18 अध्याय. साने गुरुजी ती उतरवून घेत. एक अध्याय संपला की पुढचा आपोआप सुरू होत नसे. आठवडाभर थांबायचं आणि ऐकलेलं मनात घोळवायचं. अर्जुनाचं पुढे काय झालं ते एका रात्रीत बघून टाकायची सोय नव्हती. 'गीता प्रवचने' आजही वाचली जातात. परवा रात्री जागून संपवलेल्या मालिकेत नायकाचं नाव काय होतं, ते आठवून बघा.

पण एकट्यानं गप्प बसून भागतं का? याचाही अनुभव विनोबांनी घेतला. 25 डिसेंबर 1974 रोजी पवनारला त्यांनी वर्षभराचं मौन घेतलं. सहा महिन्यांत आणीबाणी आली. मौनातल्या विनोबांकडून 'अनुशासन पर्व' एवढे दोनच शब्द बाहेर पडले आणि सरकारी प्रचारानं ते आणीबाणीचा आशीर्वाद म्हणून देशभर झळकवले. अनुशासन आचार्यांचं असतं, सत्ताधाऱ्यांचं ते शासन, हा खुलासा मौन सुटल्यावर आला. तोवर ते दोन शब्द घरोघर पोचले होते. म्हणजे फॉरवर्ड हा प्रकार मोबाईलच्या आधीचा. स्वतःच्या तोंडाला कुलूप लावता येतं, पण बाहेरचा गलका चालूच राहतो.

म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची युक्ती पटते. कडेगाव तालुक्यातलं हे गाव. करोनात शाळा मोबाईलवर गेल्या आणि शाळा उघडल्यावरही पोरं मोबाईलमधून बाहेर येईनात. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावातल्या बायांची सभा झाली आणि भोंगा आणायचं ठरलं. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, गप्पा मारतात. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला लोक हसले. तेव्हा आशाताई, अंगणवाडीच्या ताई घरोघर गेल्या. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीच केली. त्यापेक्षा मला वडगावचा दीड तास बरा वाटतो, कारण त्यात बापाचाही मोबाईल बंद होतो. स्वतः रील बघत "पोरांनो, अभ्यास करा" म्हणणाऱ्याचं पोरं कशाला ऐकतील? शिवाय सगळ्यांचेच फोन बंद, म्हणजे आपलं काही हुकतंय ही टोचणी नाही, निळ्या खुणांचा हिशेब नाही. जी ओढ चौघांमुळे लागते, ती सोडवायलाही चौघंच लागतात.

तेव्हा वाचकहो, एकट्यानं निर्धार करून फोन कपाटात ठेवायच्या भानगडीत पडू नका. तासाभरात कपाट उघडाल. घरातल्या सगळ्यांनी बसून एक वेळ ठरवा, अर्धाच तास का होईना, आणि त्यात आजीपासून नातवापर्यंत कुणाला सूट देऊ नका. भोंगा नसला तर कुकरची तिसरी शिट्टी चालेल.