भर समुद्रात आधार

जळगावच्या पिंप्राळ्यात मला कुणी ओळखपत्र मागितलं, असं बासष्ट वर्षांत झालेलं नाही. इथे मागतात ते बापाचं नाव. ‘कोना पोऱ्या शे तू?’ एवढा एकच प्रश्न. उत्तर दिलं की समोरचा म्हातारा आपल्या वडिलांची उधारी, आजोबांचा तापट स्वभाव आणि १९७२च्या दुष्काळात काकांनी विकलेली बैलजोडी, सगळं तोंडपाठ म्हणून दाखवतो. ही पडताळणी अंगठ्याच्या ठशापेक्षा पक्की. अंगठा झिजतो, उधारी झिजत नाही.

असा मी माणूस, आणि पुण्याच्या मुलाने मला जहाजावर बसवलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुंबई-गोवा-मुंबई. सोबतीला धुळ्याचे साडू आबा आणि हिची थोरली बहीण आक्का. आमच्या चौघांचा पाण्याशी संबंध किती, तर मी मेहरूण तलाव पाहिलेला, आबांनी नकाणे तलाव. तापीला पूर आला की बघायला जायचं, तेही पुलावरून आणि पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात घेऊन.

तिकिटाबरोबर सूचनांची चौदा पानं आली. त्यातलं निम्मं जेवणाबद्दल होतं, ते आम्ही चौघांनी एकदिलाने वाचलं. भांडण एका ओळीवरून झालं. बंदरावर उतरताना जहाजाचं कार्ड आणि सरकारी फोटो ओळखपत्र जवळ बाळगावं. बाळगावं म्हणजे काय? मूळ प्रत की झेरॉक्स? मूळ नेलं आणि गोव्यात हरवलं तर? नाही नेलं आणि गोव्यात आपणच हरवलो तर?

घरात लगेच तीन पक्ष झाले. आबा मूळप्रतवादी. ‘मूळ ते मूळ, झेरॉक्सला कुत्रं विचारत नाही.’ मी झेरॉक्सवादी. आणि फोनवरून मुलगा मोबाइलवादी. ‘बाबा, डिजिलॉकरमध्ये सगळं आहे, कागद नेऊच नका.’ समुद्रात रेंज नसते, हे त्याला हिने सांगितलं. ही स्वतः कोणत्याच पक्षात नव्हती. तिने जुन्या साडीच्या काठाची एक चंची शिवली, तिला आतून बंद लावले आणि आम्हा दोघांचं सगळं त्यात कोंबून ती कमरेला बांधली. युती अशीच होते.

या वादात सरकारकडून मदत होईल, अशी माझी भाबडी समजूत होती. सरकारने मदत केलीही, पण तिन्ही पक्षांना. जानेवारी २०२२ मध्ये आधारवाल्यांनी सांगितलं की, बाजारातून छापून घेतलेली प्लास्टिकची आधार कार्डं वापरू नका. आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याने तोवर अर्ध्या पिंप्राळ्याला ती छापून दिली होती. मग मे महिन्यात बेंगळुरूच्या कार्यालयातून पत्रक निघालं की, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, द्यायचीच तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या. पत्रक २७ मेचं. २९ मेला ते मागे घेतलं, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. म्हणजे अख्ख्या देशाने दोन दिवस आधार झाकून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडं केलं. त्या दोन दिवसांत आमच्या झेरॉक्सवाल्याचं तोंड बघवत नव्हतं.

खरं तर या विषयावर बोलायचा पहिला हक्क खान्देशचा. केळी दिली, भरताचं वांगं दिलं, या दोघांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण देशातला पहिला आधार क्रमांक आमच्याकडे वाटला गेला, हे आम्हीच विसरतो. २९ सप्टेंबर २०१०, नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, टेंभली गाव. खुद्द पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी आले होते आणि गावातल्या एका आदिवासी बाईच्या हाती ते कार्ड पडलं. केळीच्या घडाला कुठून आला हे विचारत नाहीत, जळगाव एवढं पुरतं. माणसाला मात्र बारा आकडे.

शिवाय आमच्या घरातल्या आधारांचं आपसात पटत नाही. माझ्यावर पिंप्राळा, हिच्यावर पिंपराळे, मुलाच्यावर पिंप्राळे. घर एक, नळ एक, गावं तीन. हिच्या मतदार कार्डावर अजून माहेरचं नाव, कारण ते बदलायला गेलो तेव्हा लग्नाचा दाखला मागितला आणि त्या काळी लग्नाचा दाखला म्हणजे पत्रिका. ती आत्याने लोणच्याच्या बरणीखाली घातली होती.

असो. निघालो. जळगावहून मुंबईला रेल्वेने साधारण ४२० किलोमीटर होतात. आकड्याचा दोष आमचा नाही. आणि आता तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम ३१८ झालं. चारशेवीसलासुद्धा ओळख बदलून घ्यावी लागली, तिथे आपण कोण!

आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ सिंगापूरहून परदेशी जहाजाने फिरून आलेले. त्यांनी निघताना दम भरला होता. ‘आमचे पासपोर्ट चढतानाच जमा करून घेतले हो. चार दिवस झोप नाही.’ जहाजवाले बंदराच्या अधिकाऱ्यांना एकगठ्ठा कागद दाखवतात, म्हणून कधीकधी पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात, हे त्यांना तिथे समजावून सांगितलं होतं. पण पासपोर्ट दुसऱ्याकडे ठेवणं आणि सातबारा सावकाराकडे ठेवणं, यांतला फरक शेतकऱ्याच्या पोराला सांगून कळत नाही. किनाऱ्यावर आपण मागे राहिलो आणि जहाज सुटलं, तर म्हणे तिजोरीतला पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटाकडे देऊन जातात. हे ऐकल्यापासून तो गृहस्थ जहाजातून उतरलाच नाही. तीन देश त्याने कठड्याला धरून पाहिले.

समुद्रावर कागद मागण्याची रीत काही कंपन्यांनी काढलेली नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती सुरू केली. त्यांच्याकडून कार्ताझ नावाचा परवाना घ्यायचा, पैसे मोजायचे, मग आपलंच जहाज आपल्याच समुद्रात हाकायचं. परवाना नसला तर जहाज मालासकट जप्त. पुढे कान्होजी आंग्रे आले आणि त्यांनी बजावलं की या किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक घ्या. इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे. मला तर वाटतं, इंग्रजांचा राग लुटीवर कमी आणि कागद आपला चालत नाही यावर जास्त असावा. आपलं ओळखपत्र समोरच्याने परत केलं की माणूस किती पेटतो, हे मी धुळ्याच्या साडूंवरून सांगतो.

मुंबईला बॅलार्ड पिअरच्या गेटवर ओळखपत्र, आत ओळखपत्र, सामानापाशी ओळखपत्र, काउंटरवर ओळखपत्र. ही प्रत्येक वेळी तोंड भिंतीकडे करून चंची सोडायची, मागे रांग तटायची. काउंटरवरच्या मुलीने आमची दोन्ही आधार शेजारी ठेवून विचारलं, ‘सर, तुम्ही दोघं एकाच घरी राहता ना?’ हिने उत्तर द्यायला जरा वेळ घेतला, ते मला आवडलं नाही. मग त्या मुलीने एका छोट्या कॅमेऱ्याने आमचे फोटो काढले आणि हातात एकेक प्लास्टिकचं कार्ड दिलं.

हे कार्ड मोठं मानी. त्यावर बापाचं नाव नाही, गाव नाही, जन्मतारीख नाही. आपलं नाव, खोलीशी संबंधित काही खुणा आणि आणीबाणीत कुठे जमायचं त्या जागेचं अक्षर. दार त्यानेच उघडतं, चहाचे पैसे त्यातूनच कटतात आणि खोलीत शिरल्यावर भिंतीवरच्या खाचेत खोचलं की दिवे लागतात. उतरताना शिडीपाशी ते यंत्रावर धरलं की टिंग वाजतं, पडद्यावर आपला फोटो येतो आणि उभा असलेला पोरगा एकदा पडद्याकडे, एकदा आपल्याकडे बघतो. बासष्ट वर्षांत माझ्याकडे इतक्या बारकाईने फक्त मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवा. जहाज मुरगाव बंदराला लागलं. थांबा घेणं म्हणजे काय, हे आम्हाला आमच्या रथावरून ठाऊक. आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. एवढं अवजड धूड लोक दोरांनी ओढतात, आणि थांबवायचं वा वळवायचं तर चाकाखाली लाकडाची मोगरी सारतात. मोगरी लावणारा माणूस चाकाच्या इतका जवळ वाकलेला असतो की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. जरा चुकलं तर हात गेला. त्याच्या गळ्यात ना पट्टा असतो ना कार्ड. कुणाचा कोण, हे गावाला माहीत असतं, आणि काही झालं तर कुणाच्या दारात जायचं तेही. जहाजाला मोगरी नाही. तिथे फक्त एक पाटी होती, ‘सर्व प्रवाशांनी साडेचारपर्यंत परत यावे.’ न आलात तर काय, ते लिहिलेलं नव्हतं. ते लिहायची गरजही नसते.

मंगेशीचं दर्शन झालं, जेवण झालं. आक्कांनी काजूच्या दुकानात भाव करता करता पाऊण तास घालवला. गोव्यात दिवसभर कुणी काही विचारलं नाही. १९ डिसेंबर १९६१ पासून विचारायचं कारणही उरलेलं नाही. तीच माणसं एसटीने आली असती तर कागदाविना आली नि गेली असती. एसटीत आधार लागतं ते हाफ तिकिटाला, आणि मुरलेला कंडक्टर आधारकडे बघत नाही, पायरी चढताना आपल्या गुडघ्यांकडे बघतो.

चार वाजता बंदराच्या फाटकावर आलो. जवानाने दोन गोष्टी मागितल्या, जहाजाचं कार्ड आणि ओळखपत्र.

माझं जहाजाचं कार्ड होतं. ओळखपत्र म्हणून मी पक्षनिष्ठेने झेरॉक्स काढली. उन्हात घामाने ती खिशात भिजून चौघडी झालेली. जवानाने हळूच उलगडली. फोटोच्या जागी एक काळा चौकोन, त्यात दोन पांढरे ठिपके. ते डोळे की चष्मा, मलाही सांगता येईना. ‘इसमें चेहरा किधर है?’ त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता.

मग आबा पुढे आले. कसे आले म्हणता! मूळ आधार, मूळ पॅन, मूळ मतदार कार्ड, वाहन परवाना, पेन्शनचं पुस्तक आणि शेवटी, शपथेवर सांगतो, रेशनकार्ड. भारतीय प्रजासत्ताकाने आजवर काढलेला जवळजवळ प्रत्येक कागद त्या टेबलावर आला. जवान शांतपणे म्हणाला, ‘जहाज का कार्ड?’

आबांनी खिसे चाचपले. चेहरा पडला. कार्ड खोलीत, भिंतीवरच्या खाचेत. मोबाइल चार्ज होत राहावा म्हणून तिथेच खोचून ठेवलेलं. शिडीवरून उतरताना टिंग वाजल्यावर हे परत आत गेले होते, टोपी विसरली म्हणून. टोपी आणली. दुसऱ्यांदा निघताना गर्दीत कसे सुटले, ते त्यांनाही आठवेना.

म्हणजे साडूंकडे देश होता पण जहाज नव्हतं, माझ्याकडे जहाज होतं पण तोंड नव्हतं. दोघांचा मिळून एक सबंध माणूस झाला असता, पण तशी तरतूद नाही.

माझं लगेच सुटलं, हिच्या चंचीतून माझं मूळ आधार निघालं. तिने ते द्यायच्या आधी माझ्याकडे एकदा पाहिलं, झेरॉक्सवादी पक्ष तिथेच बरखास्त झाला. राहिले आबा. घड्याळात चार वीस. आक्का पुढे झाल्या आणि जवानाला मराठीतच म्हणाल्या, ‘हे माझेच मिस्टर. चाळीस वर्षं झाली. बदलून आणायचे असते तर कधीच आणले असते.’

एवढी सबळ साक्ष धुळ्याच्या कोर्टातही मानली गेली असती. फाटकावर नाही चालली. जवानाचंही बरोबर, बायकोच्या साक्षीवर आत सोडायला लागलं तर बंदरात कोण कोण शिरेल! त्याने जहाजावर फोन लावला. पाच मिनिटांनी गणवेशातली एक पोरगी टॅब घेऊन धावत आली. आबांचं नाव शोधलं, पडद्यावर फोटो उघडला, आबांकडे पाहिलं, मान डोलावली. आदल्या संध्याकाळी त्या अनोळखी कॅमेऱ्याने काढलेला तो फोटो. रेशनकार्डापासून पेन्शनच्या पुस्तकापर्यंत कुणालाही जमलं नाही ते त्याने केलं.

आबा परतीच्या प्रवासात कुणाशी बोलले नाहीत. जेवणाच्या रांगेतही कार्ड दातात धरून उभे होते. मुंबई दिसू लागली तेव्हा एवढंच म्हणाले, ‘पुढच्या वर्षी लक्षद्वीप.’ तिथे भारतीयालाही आधी प्रवेश परवाना काढावा लागतो, पोलिसांचा दाखला जोडावा लागतो. १९६७चे नियम आहेत. हे मी त्यांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. इतके कागद एका ठिकाणी मागणारं गाव त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

मी जहाजाचं कार्ड आठवण म्हणून पाकिटात ठेवलं, पॅनच्या मागे.

गेल्या आठवड्यात बँकेतून निरोप आला, केवायसी पुन्हा करा. दहा वर्षं झाली म्हणे. खातं उघडलं तेव्हापासून मला ओळखणारा शिपाई दारातच ‘या काका’ म्हणाला. खिडकीतला मुलगा नवा होता. त्याने मान वर न करता हात पुढे केला, ‘आयडी.’ मी पाकिटातून कार्ड काढून दिलं. त्याने पुढून-मागून झेरॉक्स काढली, त्यावर ‘मूळ प्रतीशी पडताळून पाहिले’ असा शिक्का मारला आणि सहीसाठी माझ्याकडे सरकवली. कागदावर निळ्या लाटांचं चित्र होतं, माझं नाव होतं आणि संकटकाळी कुठे जमायचं त्या जागेचं अक्षर.

‘इथे सही करा,’ तो म्हणाला. केली.