पुढे काय?

प्रगतिपुस्तकात शेऱ्याला जागा जेमतेम दोन बोटं. त्यामुळे आमच्या शाळेतले सगळे शिक्षक माझ्या बाबतीत एकाच वाक्यावर भागवत: ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’ त्यातला पहिला अर्धा भाग आईने नातेवाइकांसाठी राखून ठेवला होता, दुसरा माझ्यासाठी. मला मात्र ते वाक्य पूर्ण सोयीचं होतं. लक्ष दिलं आणि तरी मार्क पडले नाहीत, तर होती ती हुशारीही जायची! असली जोखीम घ्या कशाला?

शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी गजा. कर्कटकाचा त्याला एकच उपयोग ठाऊक होता: बाकावर नाव कोरणे.

नववीत भूमितीला नव्या बाई आल्या. पहिल्याच चाचणीत ‘पायथागोरसचे प्रमेय सिद्ध करा.’ पक्ष आणि साध्य मी ऐटीत लिहिलं, कारण ते प्रमेयातच असतं. सिद्धतेसाठी काढलेला काटकोन त्रिकोण जरा कलला. खोडरबर गजाकडे आणि गजा बाईंच्या नजरेत. म्हणून त्याच पायाच्या रेषेवर शेजारी तोच त्रिकोण पुन्हा काढला. जागा कमी पडली म्हणून आडव्याचा उभा केला. तेवढ्यात घंटा झाली.

पेपरात शून्य होतंच, पण शेजारी लाल शाईत लिहिलेलं: ‘रचना वेगळी आहे. पुढे काय?’

शून्याची मला सवय होती, प्रश्नाची नव्हती. रागावणाऱ्यासमोर मान खाली घातली की भागतं. कौतुक करून वाट बघत बसणाऱ्याचं काय करायचं?

बाईंनी फळ्याशी बोलावलं. “दोन्ही त्रिकोणांची वरची टोकं जोड बघू.” जोडली. समलंब चौकोन झाला. त्याचं क्षेत्रफळ एकदा सूत्राने काढलं, एकदा आतल्या तीन त्रिकोणांची बेरीज करून. दोन्ही समान मांडल्यावर कर्णाचा वर्ग मुकाट्याने उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका भरला. “ही सिद्धता जेम्स गार्फिल्डची,” बाई म्हणाल्या. “१८७६ साली छापून आली. तेव्हा तो अमेरिकेच्या काँग्रेसचा सदस्य होता, १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला.”

घरी हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, “तू दहावी हो, आम्हाला तेवढं पुरे.”

पण घात झाला होता. वर्ग मला ‘गार्फिल्ड’ म्हणू लागला, आणि गार्फिल्डचा लसावि चुकून चालत नाही. नामुष्की टळावी म्हणून मी चोरून अभ्यास करू लागलो.

गजाची गत वेगळी नव्हती. बाईंनी बाक बघितला, आम्ही छडीची वाट बघितली. त्या म्हणाल्या, “एवढं रेखीव अक्षर! उद्यापासून फळ्यावर सुविचार तू लिहायचास.” सुविचार प्रार्थनेआधी लागतो, म्हणजे गजाचं उशिरा येणं संपलं. शिक्षा झाली असती तर दहा मिनिटांत सुटला असता. कौतुक झाल्यामुळे वर्षभर अडकला.

पुढे कळलं, की या सापळ्यावर अमेरिकेत पुस्तकही निघालंय. रोझेन्थाल आणि जेकबसन या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सांगितलं, की अमुक मुलं यंदा चमकणार. वर्गातलं पाचातलं एक, आणि नावं चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली. वर्षाअखेर बुद्धिमापन चाचणीत पहिली-दुसरीतली ती मुलं खरोखर इतरांच्या पुढे गेली. १९६८ च्या त्या पुस्तकावर संशोधक पुढे बरेच भांडले. आमचा बाक बघितला असता तर इतके भांडले नसते.

बाई निवृत्त झाल्यावर भेटायला गेलो. विचारलं, “बाई, खरंच रचना दिसली होती तुम्हाला?”

“छे! दोन वाकडे त्रिकोण दिसले. ते कुठे बसतात का, म्हणून रात्री जुनी पुस्तकं उपसत बसले.”

“आणि नसते बसले तर?”

“तर तुला चित्रकलेच्या सरांच्या गळ्यात बांधलं असतं.”