वीस टक्के गुरुजी

हिंगोलीकडे सोयरीक जुळवताना मुलाचे दहावीचे मार्क आता कुणी विचारत नाही. मुलगा खासगी शाळेत मास्तर असेल तर प्रश्न एकच. शाळा किती टक्के अनुदानावर आहे?

शून्यावर असेल तर चहा. वीसवर असेल तर चहा-पोहे. चाळीसच्या पुढे गेली असेल तर पत्रिका बघू.

पोरगं पस्तीस टक्क्यांत पास होतं. गुरुजी साठ टक्क्यांवरही लटकलेलेच.

टक्क्यांचा हा खेळ 2001पासूनचा. नव्या शाळा काढा, पण ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर, असं तेव्हा सरकारने ठरवलं. शाळा संस्थेची, पोरं गावाची, मास्तरचा पगार देवाच्या भरवशावर. संस्थाचालकांनी आनंदाने मान डोलावली. पगार त्यांच्या खिशातून थोडाच जाणार होता?

2009मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द सरकारने काढून टाकला. 2011मध्ये मूल्यांकनाचे निकष आले. पहिलं 20 टक्के अनुदान आलं 2016मध्ये. पंचविशीत नोकरीला लागलेला मास्तर तोवर चाळिशीला टेकला होता.

फळ्यावर मात्र त्याने शंभर टक्केच शिकवायचं. वीस टक्के पगारात वीस टक्के पायथागोरस चालत नाही.

पुढे ऑक्टोबर 2024मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, अनुदानाच्या वाढीव टप्प्याचा शासन निर्णय निघाला. कागद आला, शिक्के आले, सह्या आल्या. पैशांची तरतूद तेवढी राहून गेली. मतदान आटोपलं तरी तरतुदीची आठवण कुणाला होईना.

मग जुलै 2025मध्ये भर पावसात शिक्षक आझाद मैदानावर बसले. पुढाऱ्यांची रांग लागली. विरोधकांनी पाठिंबा दिला, सत्ताधाऱ्यांनी आश्वासन दिलं. यातले बरेच जण आलटून पालटून दोन्ही खुर्च्यांवर बसून आलेले. प्रश्न त्यांना पाठ होता. उत्तर कधीच अभ्यासक्रमात नव्हतं.

ऑगस्टपासून वाढीव टप्पा मिळाला. पुढच्या टप्प्यासाठी सतरंजी जपून ठेवलेली बरी.

आता गंमत बघा. पगाराचा विषय निघाला की हा माणूस खासगी कर्मचारी. निवडणूक लागली की तोच सरकारी यंत्रणेचा कणा. मतदार याद्या त्याच्याकडे, शाळेच्या माहितीचं यू-डायस त्याच्याकडे, विद्यार्थ्यांचे अपार आयडी त्याच्याकडे. राज्याची सगळी माहिती ज्याच्या बोटांवर, त्याच्या घरच्या किराण्याचं बिल किती थकलंय याचा रकाना मात्र कुठल्याच पोर्टलवर नाही.

कायदा नाही असं म्हणू नका. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977चा, नियमावली 1981ची. वेतनश्रेणी आहे, रजा आहेत, दोन वर्षांच्या परिविक्षेनंतर कायम होण्याची सोय आहे. काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात दादही मागता येते.

म्हणूनच तर दोन वर्षं भरू देत नाहीत.

एप्रिलअखेर ‘या, भेटू जूनमध्ये’ आणि जूनमध्ये नव्याने नेमणूक. मे महिन्याचा पगार? मे महिन्यात तुम्ही नोकरीत होतातच कुठे?

इंग्रजी शाळांची कला त्याहून वरची. काही ठिकाणी पगार बँकेत पूर्ण जमा होतो. बाईंच्या पर्समधून त्यातला मोठा हिस्सा दोन दिवसांत संस्थेकडे परत जातो. कागद चोख, हिशेब चोख, फक्त बाई भुकेल्या. आणि याच बाईंनी मूल्यशिक्षणाच्या तासाला ‘प्रामाणिकपणा’ हा धडा घ्यायचा.

संस्थाचालकांचंही ऐकून घ्या. शिक्षण हक्क कायद्यातल्या (आरटीई) 25 टक्के राखीव जागांचे पैसे सरकार वेळेवर देत नाही, ही त्यांची ओरड खरी आहे. सरकार संस्थेला देणं लागतं, संस्था मास्तरला, मास्तर दुकानदाराला. या साखळीत जीप फक्त एकाच्या दारात उभी असते. ती दुकानदाराची नसते.

शिपाईमामांची कथा तर टक्क्यांतही मावत नाही. डिसेंबर 2020च्या शासन निर्णयाने अनुदानित खासगी शाळांतलं शिपायाचं पदच मोडीत निघालं. मामा निवृत्त झाले की जागा गेली, तिथे ‘शिपाई भत्ता’ आला. ग्रामीण भागात महिन्याला 5,000 रुपये. कुलूप उघडणं, झाडणं, पाणी भरणं, घंटा देणं, पंचायत समितीत टपाल नेणं, सगळं त्यात.

राहिलेली घंटा मुख्याध्यापकांनी वाजवावी. तेवढाच अधिकार उरलाय त्यांच्याकडे.

तिकडे नागपुरात 2025मध्ये शिक्षकांच्या पगाराच्या ‘शालार्थ’ प्रणालीतल्या बोगस आयडींचं प्रकरण बाहेर आलं. ज्यांच्या नेमणुकाच खोट्या, त्यांचे पगार सरकारी तिजोरीतून बिनबोभाट निघत होते. इकडे खरा मास्तर मान्यतेची फाईल काखोटीला मारून शिक्षणाधिकारी कार्यालयाचे जिने झिजवतोय. त्याची चूक एवढीच, की तो खरोखर शिकवतो.

त्यात 1 सप्टेंबर 2025चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) पास व्हायचं. गुणवत्तेला कोण नाही म्हणेल? आता शेजारच्या बाकावर आपलाच माजी विद्यार्थी बसलेला दिसेल. पाठ चांगला घेतला असेल तर तो उत्तर दाखवील.

पेन्शनचं विचारू नका. 1 नोव्हेंबर 2005च्या आधी नोकरीला लागलात? छान. पण त्या दिवशी शाळा शंभर टक्के अनुदानावर नव्हती ना? मग जुनी पेन्शन नाही, असं सरकारचं म्हणणं. नोकरी तुमची मोजायची, तारीख शाळेची बघायची.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीचा भाव रोज मोबाइलवर येतो, पडला तर मोर्चा निघतो. त्याच तालुक्यात विज्ञानाचे सर काय भावाने मिळतात, हे एकदा विचारून बघा. शेतात हळद असेल तरच सरांना विज्ञान परवडतं.

औंढा नागनाथजवळ 2,600 कोटींचा लायगो प्रकल्प उभा राहतोय. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्या थरथरीची नोंद इथे होणार. प्रोटॉनच्या आकाराहूनही बारीक हालचाल टिपणारं यंत्र! अभिमान आहेच. पण त्या यंत्रावर उद्या जिल्ह्यातली पोरं बसावीत असं वाटत असेल, तर त्यांना भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस आधी पगारपत्रकावर दिसायला हवा.

17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाची भाषणं होतात. स्वामी रामानंद तीर्थ मुळात शिक्षक होते, आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरीत. निजामाच्या राज्यात सरकारवर अवलंबून नसलेल्या शाळांनी माणसं घडवली. त्या त्यागाचा वारसा आपण चालवतो, असं अध्यक्ष माइकवरून सांगतात. चालवतातच. त्याग तेवढा आता खालच्या रांगेतल्या लोकांकडे सोपवलाय.

आणि आपण पालक? आपण साधुसंत नाही. टाय बघतो, पिवळी बस बघतो, गेटवरचं ‘इंटरनॅशनल’ वाचून छाती फुगवतो. वर्षाची फी मुकाट भरतो. त्या फीतून बाईंच्या हातात किती पडतं, हे विचारायला जीभ रेटत नाही. उलट बाई महिनाभरात सोडून गेल्या की आपणच म्हणतो, हल्ली शिक्षकांना निष्ठा राहिली नाही.

निष्ठा हवी आहे, तीही विनाअनुदानित!

जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा ऑफिसात एकच प्रश्न विचारा. माझ्या पोराला शिकवणाऱ्या बाईंच्या हातात महिन्याला किती पडतात? संस्थाचालक हसून विषय बदलतील, चहा मागवतील, नव्या इमारतीचा नकाशा दाखवतील. त्या इमारतीसाठी डोनेशनची पावती फाडण्याआधी चहा संपवा आणि प्रश्न पुन्हा विचारा.