पँटपीस आणि प्रतिष्ठा

पालघर जिल्ह्यातल्या बोईसरला तारापूर एमआयडीसीत सूटिंग-शर्टिंगचे कारखाने आहेत. सियारामसारख्या कंपनीचं कापड इथून निघतं आणि कुठकुठल्या नवरदेवांच्या अंगावर चढतं. ते विणणारा माणूस मात्र पहिल्या पाळीला निघतो तो गणवेशात. तारापूरच्या अणुवीज केंद्रातला साहेबही गळ्यात ओळखपत्र अडकवूनच निघतो. थोडक्यात, उंची कापडाच्या गावात रुबाब करायचा तर रविवारची किंवा लग्नाची वाट पाहावी लागते.

आणि लग्न म्हटलं की आहेर. पालघरच्या कुठल्याही घरातलं लोखंडी कपाट उघडा. डांबरगोळीच्या वासात पाच-सहा पँटपीस-शर्टपीस प्लॅस्टिकच्या खोक्यात निवांत पडलेले असतात. अठ्ठावन्न इंची पन्ह्याचं सव्वा मीटर पँटला, एक मीटर साठ शर्टला. पाहुण्याचा घेर बघून कापड द्यायची आपल्यात रीत नाही. त्यामुळे ते बेतण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. पुढच्या लग्नात पुढच्या पाहुण्याला देऊन मोकळे होतात. काही पँटपीस असे फिरत फिरत पहिल्या यजमानाकडेच परत येतात, आणि त्यालाही ते आवडतात.

चुकून कुणी शिवायचं मनावर घेतलंच, तर शिंप्याची पायरी चढावी लागते. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर म्हणे गिऱ्हाइकाचं माप कुजबुजत घेतात. आपला मास्तर टेप लावतो आणि वहीवाल्या पोराला खणखणीत सांगतो, ‘कंबर अडतीस, सीट बेचाळीस!’ समोरच्या वडापावच्या गाडीपर्यंत ती वार्ता पोचते. मग तोच मास्तर हळूच विचारतो, ‘जरा लूज ठेवू?’ आत दीड इंच माया ठेवतो आणि पोटाचा विषय काढत नाही. वेस्टकोटाचं शेवटचं बटण उघडं ठेवायची इंग्रजी रीत सातव्या एडवर्डच्या पोटामुळे पडली, असं सांगतात. राजाला सबंध रिवाज बदलावा लागला. आमचं दीड इंचात भागतं.

खरा शत्रू हवामान. सातपाटी-केळव्याकडून येणारा खारा दमट वारा कोटाला मानवत नाही. टेरिकॉट आलं तेव्हा लोकांना ते वरदान वाटलं, कारण भर पावसाळ्यातही रात्रीत वाळायचं आणि इस्त्रीची घडी मोडायची नाही. पुढे कळलं की घामही बाहेर पडत नाही. जाणकार सांगतात, हलक्या वजनाची, सुटसुटीत विणीची लोकर घ्या, अस्तर अर्धंच लावा. पॉलिस्टरपेक्षा ती गार राहते. पण मे महिन्यातल्या मांडवात थ्री-पीस घालून उभ्या असलेल्या नवरदेवाला हे सांगायला कुणी जात नाही. त्याच्यासाठी एक स्वतंत्र पंखा आणि एक स्वतंत्र मेहुणा नेमलेला असतो.

त्यातून वाचलेली इस्त्री गाडीत जाते. २०१३ साली विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल आली, सोय झाली, गर्दीही झाली. चर्चगेट पालघरहून नव्वदेक किलोमीटर. जुना पासवाला कॉलरमागे रुमाल घालतो, बाह्या दुमडतो आणि शर्ट खोचतो तो दादरला उतरल्यावर.

उत्तम पोशाखाच्या कसोट्या जाणकारांनी घालून दिल्या आहेत: कामातून जन्मलेला असावा, अंगाला आणि हवेला मानवावा, पिढ्या बदलल्या तरी बदलू नये. या तिन्ही कसोट्यांना आमच्या किनाऱ्यावर पुरेपूर उतरतो तो होडीवरच्या कोळ्याचा कमरेला बांधलेला चौकड्यांचा रुमाल. त्याला ना शिंपी लागतो, ना ट्रायल, ना माया. कंबर अडतीस असो वा बेचाळीस, ती गोष्ट गाठ बांधणाऱ्यापुरतीच राहते.

मग सूट म्हणजे नुसती हौसच का? तसं म्हणवत नाही. बाबासाहेबांचा सूट डोळ्यांपुढे येतो. ज्यांनी नीटनेटकं नेसणंही वरच्यांच्या डोळ्यांत खुपायचं, त्यांच्यातला एक माणूस कडक इस्त्रीच्या कोटात परिषदांना जाऊन बसला. तो कोट ऐट नव्हता, हक्क होता. कोळ्याचा रुमाल समुद्रासाठी, तो सूट सभागृहासाठी. आपण कुठे आणि कशासाठी चाललोय हे ज्याला ठाऊक असतं, त्याचे कपडे आपोआप अंगाला बसतात. बाकीच्यांच्या कपड्यांना सारखं ओढून-ताणून सरळ करावं लागतं.

म्हणून यंदाच्या लग्नसराईत पँटपीस आलाच, तर पुढे सरकवू नका, शिवून टाका. मास्तरला माप ओरडू द्या. तेवढी बेअब्रू सोसली की पँट अंगाला बसते. पुढच्या लग्नात मामेभावाला रोख पाकीट द्यावं लागेल, एवढाच काय तो खर्च.