उत्तर नसलेला नकाशा

खान्देशात फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. शिपाई म्हणून गेला आणि नाईक होऊन आला तरी मेजर, सुभेदार होऊन आला तरी मेजर. मी लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त होऊन धुळ्याला घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पाचकंदिलाकडे दूध आणायला गेलो. "या मेजरसाहेब," दूधवाला म्हणाला. माझा हुद्दा एक पायरी खाली आणायला फौजेला कोर्ट मार्शल भरवावं लागलं असतं. त्याचं काम अर्ध्या लिटरात झालं.

मेजरला सगळं ठाऊक असतं, हाही इकडचा पक्का समज. लग्नाच्या पंगतीत मला युक्रेनचं पुढे काय होणार ते विचारतात आणि दशक्रियेला चीनचं. माझी बावीस वर्षांची नोकरी रसद-पुरवठ्यात गेली. पिठाची पोती, डिझेलची पिंपं आणि तपासणीच्या आदल्या रात्री चुना मारलेले दगड या तीन विषयांवर मी अधिकारवाणीनं बोलू शकतो. पण ते कोणी विचारत नाही. मग मीही चीनवर बोलतो.

गेल्या पावसाळ्यात जळगावच्या साडूभाऊंचा फोन आला. ते तिथल्या एका वाचनालयाच्या समितीवर आहेत. व्याख्यानमालेचा ठरलेला वक्ता आयत्या वेळी आजारी पडला होता. "विषय तुमचा, वेळ तुमची, हार आमचा," साडूभाऊ म्हणाले. मी जराही न अडखळता म्हणालो, "असईची लढाई."

२३ सप्टेंबर १८०३. एकीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसरीकडे चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. आणि रणभूमी अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे, जालना जिल्ह्यात. विषय भारदस्त होता, शिवाय जवळचा. साडूभाऊंना वाटलं, माझा गाढा अभ्यास असणार. अभ्यास कसला, ट्रंकेत कागद होता.

त्या कागदाचं कूळ सांगितलं पाहिजे. फौजेत बढतीच्या परीक्षा असतात, वेलिंग्टन गावातल्या स्टाफ कॉलेजात जाण्यासाठी स्पर्धापरीक्षा असते, मधूनमधून कोर्स असतात. या सगळ्यातून तारून नेणारी नाव म्हणजे पीसीके: प्रिव्हियस कोर्स नॉलेज. आधीच्या तुकडीनं पुढच्या तुकडीच्या ओटीत घातलेलं ज्ञान. शाळेत आपण ज्याला 'अपेक्षित' म्हणायचो, तेच गणवेशात. कोर्सला डावपेचांचा प्रश्न घालतात आणि त्याचं मान्य उत्तर शिकवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, म्हणजे डीएसकडे, तयार असतं. त्या कागदाचा रंग गुलाबी, म्हणून त्याला पिंक म्हणायचं. शत्रू कुठून येईल याचा विचार नवशिके करतात. मुरलेला अधिकारी पिंक काय म्हणेल याचा विचार करतो. मी चांगलाच मुरलेला होतो. एका कोर्सला वाळूच्या नकाशावर मी टेकडीच्या डावीकडून हल्ला चढवला. डीएसची भुवई वर गेली. ती खाली यायच्या आत माझा हल्ला उजवीकडून सुरू झाला होता. 'विचारांत लवचिकता आहे,' असा शेरा मिळाला.

युद्धेतिहासाचा पेपरही त्याच चालीचा. लढाई कोणतीही असो, उद्दिष्टावर नजर, शत्रूला बेसावध गाठणं, बळ एकवटणं आणि मनोधैर्य एवढे मुद्दे लिहायचे. जगातली प्रत्येक लढाई त्यात बसते. एखादी बसली नाही तर चूक लढाईची. असईचा माझा कागद असाच कोणीतरी, कधीतरी केलेला. मग त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, अशी कितवी तरी पिढी. अक्षरं चिरडलेल्या मुंग्यांसारखी. खाली हातानं काढलेला नकाशा: दोन नद्या, मधे काही चौकोन आणि एक जाड बाण.

व्याख्यानाला साठेक माणसं होती. मी फळ्यावर नकाशा काढला, कागदावर होता तसाच्या तसा. चाळीस मिनिटं बोललो. 'मनोधैर्य' हा शब्द अकरा वेळा आला, असं नंतर भाच्यानं सांगितलं. टाळ्या पडल्या. मी हाराच्या दिशेनं मान पुढे करणार, तोच पहिल्या रांगेतून कापडी पिशवी मांडीवर घेतलेले एक निवृत्त भूगोलाचे गुरुजी उठले.

"मेजरसाहेब, तुमच्या नकाशाला उत्तर नाही."

"गुरुजी, उत्तर सांगितलं की! वेलस्ली जिंकला."

सभागृह हसलं. मला वाटलं, माझ्या हजरजबाबीपणाला.

"तसं नाही हो. उत्तर दिशा. ती कुठे दाखवलीच नाही. तुमच्या नकाशात इंग्रज जुई नदीकडून येताहेत. जुई उत्तरेला. ते दक्षिणेकडून, केळना ओलांडून आले होते ना?"

मी कागद पाहिला. झेरॉक्सच्या अगदी काठावर एक बारीक काळी रेघ होती. ती उत्तरेच्या बाणाची शेपूट असावी. बाणाचं डोकं मधल्या कुठल्यातरी पिढीत यंत्रानं खाल्लं होतं. पुढच्या सगळ्यांनी मनोधैर्याचे मुद्दे पाठ केले, पण नकाशा उलटा धरलाय का सुलटा, हे एकानंही पाहिलं नव्हतं. त्या सगळ्यांत मी शेवटचा आणि फळ्यापर्यंत पोचलेला पहिला.

"आणि दुसरं," गुरुजी बसायला तयार नव्हते, "भर पावसाळ्यात नदीला तिथं उतार आहे, हे त्याला कळलं कसं? वाटाडे तर नाही म्हणत होते."

"इंटेलिजन्स," मी म्हणालो.

"म्हणजे हेर, का बुद्धी?"

याला पिंकमध्ये उत्तर नव्हतं. अशा वेळी फौजी माणूस हल्ला करतो. "गुरुजी, हे सभागृहात बसून कळत नसतं. रणभूमीवर उभं राहावं लागतं. येत्या रविवारी चला!"

आमच्यात याला स्टाफ राईड म्हणतात. जुन्या रणभूमीवर जाऊन, उभ्या जागेवर लढाई समजून घ्यायची. मी अशी एकही केलेली नव्हती, पण जेवणाची व्यवस्था अनेकदा केली होती.

मधल्या आठवड्यात काही वाचावं असं मनात आलंच नाही असं नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली आमच्या धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. एवढ्या आयुष्यात मी तिथं एकदाच थांबलो आहे, पाऊस आला म्हणून. त्या आठवड्यात पाऊस आला नाही.

रविवारी दोन गाड्या निघाल्या. डब्यात असोद्याच्या वांग्यांचं भरीत, कळण्याच्या भाकरी, ठेचा. "अहो, रस्ता माहीत आहे ना?" हिनं विचारलं. "मी बावीस वर्षं फौजेचे काफिले नेलेत," मी म्हणालो. "पुढे वाटाड्या असायचा," ही म्हणाली आणि तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

फर्दापूर आल्यावर मला पुन्हा मेजरपण चढलं. "याच डोंगरात एप्रिल १८१९ मध्ये मद्रास घोडदळाच्या जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याला शिकार करताना अजिंठ्याची लेणी दिसली," मी सांगितलं.

"मग त्यानं काय केलं?" भाच्यानं विचारलं. त्याची एसएसबीची, म्हणजे फौजेत अधिकारी निवडण्याची, मुलाखत भोपाळला होती, त्यामुळे तो हल्ली सगळ्यांना प्रश्न विचारतो.

"दहाव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्रावर चाकूनं आपलं नाव कोरलं," गुरुजींनी मागून सांगितलं. मी गप्प बसलो. या घराण्यात मी कुणाच्या शाखेतला, हे गाडीत सगळ्यांना कळलं होतं.

घाट चढून असईच्या शिवारात आलो. मोबाईलचा नकाशा रस्ता दाखवत होता, माझा कागद बाण दाखवत होता. मी दोघांचा मेळ घातला आणि एका गाडीवाटेनं नदीकडे उतरायला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, काळी माती हाये." मी म्हणालो, "वेलस्लीनं इथूनच तोफा नेल्या." पन्नास पावलांवर गाडीची मागची चाकं अशी बसली, की दार उघडल्यावर पायरी आणि शेत एका पातळीत आले. दुसऱ्या गाडीनं ओढायचा प्रयत्न केला आणि ती पहिलीच्या शेजारी जाऊन बसली. बळ एकवटणं म्हणतात ते हेच.

बांधावर शेळ्या घेऊन एक आजीबाई उभ्या होत्या. त्यांनी आमचं सगळं सैन्य पाहून घेतलं.

"कुठं निघालात?"

"आजी, नदीला उतार शोधतोय."

"हितं व्हय? हितं कुठला उतार? तिकडं जा, त्या गावाखाली. समूर पलीकडं दुसरं गाव हाय बघा."

"तिथं उतार आहे हे कशावरून?" माझ्यातला डीएस जागा झाला.

आजीबाईंनी माझ्याकडे, आपल्याकडे मंद पोराकडे पाहतात तसं पाहिलं. "आवो, ह्या गावच्या लेकी त्या गावात दिल्यात. उतार नसंल तर लेक माहेराला कशी यील?"

गुरुजींनी पिशवी खाली ठेवली. "मेजरसाहेब, परवाचं उत्तर हे. वाटाडे म्हणाले उतार नाही. वेलस्लीनं दुर्बीण लावली. दोन काठांवर दोन गावं समोरासमोर. इंग्रजी पुस्तकांत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. तो म्हणाला, इतक्या जवळ वसलेल्या गावांना एकमेकांकडे जायला वाट नसेल, असं होणारच नाही. शहानिशा केली, उतार निघाला. त्याला लेकींचं माहीत नव्हतं, एवढाच फरक."

ट्रॅक्टर यायला दोन तास होते. भरीत बांधावरच उघडलं. गुरुजींची भाकरी हातात राहिली आणि तोंड सुरू राहिलं.

"शिंद्यांच्या कवायती पलटणी कच्च्या नव्हत्या हो. वेलस्ली बाजूनं आला, तशी त्या पलटणींच्या सेनापतीनं, पोलमननं, अख्खी रांग वळवून त्याच्या तोंडासमोर उभी केली. कंपनीची दीड हजारावर माणसं पडली आणि जखमी झाली. पण पोलमन हॅनोव्हरचा. फौज आपली, तोफा आपल्या, अक्कल पगारी. त्या वर्षी कंपनीनं जाहीरनामा काढला, तसे शिंद्यांकडचे कितीतरी इंग्रज अधिकारी चाकरी सोडून गेले. आपले अधिकारी घडवणारी शाळा आपण काढलीच नव्हती."

"आता आहेत की," मी म्हणालो. "खडकवासला आहे, वेलिंग्टन आहे."

"आहेत. पण तुमच्यात वाचतं का कोणी? नाही, सहज विचारतो. हा वेलस्ली हिंदुस्थानात येताना पुस्तकांचा पेटारा घेऊन आला होता, त्यात व्याकरणं आणि शब्दकोशसुद्धा. आपलं धुळं वसवणारा कॅप्टन ब्रिग्ज, त्यानं फिरिश्त्याच्या इतिहासाचं भाषांतर केलं. ग्रँट डफ कॅप्टन, त्यानं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. मोल्सवर्थ कंपनीच्या पलटणीतला, त्याचा मराठी कोश १८३१ चा. आपल्या 'उतार' शब्दाचा अर्थ आपण अजून त्या फौजी माणसाला विचारतो. राज्य करायला आले होते, धर्मादाय नव्हतं ते. पण कारकून ठेवून उतारे काढून घेतले नाहीत त्यांनी, स्वतः डोकं लावलं."

मला फौजेची बाजू घेणं भाग होतं. "आमच्यातही विचार करणारे झाले. आपल्या कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल थोरात. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन चीन कसा चालून येईल, हे त्यांनी मांडून दाखवलं होतं."

"मग?"

"मग १९६२ आलं."

गुरुजींनी ठेच्याचं बोट चाटलं. "आणि ते लष्करी विद्यापीठ होणार होतं?"

"कारगिलनंतर पुन्हा जोर धरला होता. २०१३ च्या मे महिन्यात गुरुग्रामजवळ बिनोल्याला पंतप्रधानांच्या हस्ते पायाचा दगड बसला."

"आणि?"

"दगड बसलेला आहे."

दोघांनीही नकळत गाडीच्या चाकांकडे पाहिलं.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्या पोरानं साखळी लावण्याआधी चारी बाजूंनी चक्कर मारली, वाकून चाकं पाहिली, मुठीत माती दाबून पाहिली आणि मग एका जागी दोन दगड टाकायला सांगितले. कोणत्या कोर्सला शिकला, ते मी विचारलं नाही. पाच मिनिटांत दोन्ही गाड्या बाहेर आल्या. त्यानं पैसे घेतले नाहीत. "फौजी माणूस," तो म्हणाला, "तुमच्याकडून काय घ्यायचं?" बावीस वर्षांत मिळालेल्या कोणत्याही शेऱ्यानं मला इतकं अवघडल्यासारखं झालं नव्हतं.

उतार शेवटी पाहिलाच. आजीबाईंनी सांगितलेल्या जागी. एक बाई डोक्यावर बोचकं आणि कडेवर पोर घेऊन गुडघाभर पाण्यातून पलीकडे निघाली होती. माहेरी का सासरी, ते कळलं नाही.

रात्री जळगावला परतल्यावर भाचा म्हणाला, "काका, तो असईचा कागद द्या ना. स्कॅन करून ग्रुपवर टाकतो. पुढच्या मुलांना उपयोगी पडेल."

म्हणजे आणखी एक पिढी. मी कागद हातात घेतला. मनोधैर्याचे मुद्दे होते तिथंच होते. "थांब," म्हणालो आणि त्याच्याच कंपासपेटीतली पेन्सिल घेतली. सूर्य कुठून मावळला होता, आजीबाई कुठं उभ्या होत्या, पाणी कुठून कुठं वाहत होतं, ते आठवून कागदाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला. मग शंका आली. खोडला. कागद फिरवला, पुन्हा काढला.

"काका, पेननं काढा ना, स्कॅनला नीट येईल."

"पेन्सिलच राहू दे," मी म्हणालो. "उद्या गुरुजींना दाखवून येऊ."