इतर हक्क

घरात चार्जर बसवायला जागा लागते ती केवढी? शाळकरी पोराच्या दप्तराएवढी. एक भिंत, चार स्क्रू आणि मीटरपासून एक वायर. इलेक्ट्रिक गाडी विकणाऱ्या पोरानंही मला हेच सांगितलं, "सर, जागेचं टेन्शनच घेऊ नका, कुठंही बसतो." पोरगा हुशार होता, पण अविवाहित असावा. घरात भिंती किती आणि त्यातल्या मोकळ्या किती, हा हिशेब त्याच्या वाट्याला अजून यायचा होता.

खरं म्हणजे जागा निवडण्याच्या बाबतीत आमचा हिंगोली जिल्हा मागासलेला नाही. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. देशभरातल्या जागा धुंडाळून शास्त्रज्ञांनी आमचं माळरान पसंत केलं. केंद्रानं २०१६ साली प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केले. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आणि प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढी हालचाल मोजायची. त्या जागेवर शास्त्रज्ञांचं एकमत झालं. आमच्या घरात माणसं मोजकी, आडनाव सगळ्यांचं एकच, आणि प्रश्न दप्तराएवढ्या डब्याचा. तरी तो दिवाणी दाव्यासारखा चालला.

याचं एक कारण म्हणजे माझे वडील, अण्णा. अण्णा तलाठी म्हणून निवृत्त झाले. १ मे १९९९ ला हिंगोली परभणीतून वेगळी निघाली तेव्हा ते नोकरीत होते. "जिल्हा बदलला, पण माझ्या सज्जातला एक बांध हलला नाही," हे ते आजही सांगतात. घरही त्यांच्या लेखी एक गटच आहे. बँकेचा हप्ता मी भरतो, म्हणून सातबाऱ्याच्या मालकीच्या रकान्यात माझं नाव असेल. पण इतर हक्कात कोणाकोणाची नावं आहेत ते त्यांनाच ठाऊक. मिस्त्री टेस्टर घेऊन दारात उभा राहिला तसे अण्णा चष्मा पुसून बाहेर आले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता जागेचा पंचनामा होणार.

मिस्त्रीनं पहिली खूण केली गेटजवळच्या भिंतीवर. मीटर तिथंच, वायर कमी लागणार, काम स्वस्तात. पेन्सिल टेकते न टेकते तोच आई आली.

"तिथं नको बाबा. तिथं माझी तुळस हाय."

"आई, तुळस पार तिकडं आहे."

"दिवा लावायला मी कुठून जाते? तिथूनच ना? अन् दिवा बी तिथं, करंट बी तिथं?"

मिस्त्रीनं समजूत घातली की डबा बंदिस्त असतो, धूळ-पाण्याला दाद देत नाही, पाऊस आला तरी चालतो. अण्णा म्हणाले, "पावसात चालतो म्हणून पावसात ठेवायचा काय? मला बी पोहता येतं. म्हणून मी सिद्धेश्वर धरणात राहायलो का?" यावर मिस्त्रीकडं उत्तर नव्हतं. आईनं शेवटचा मुद्दा मांडला. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पहिल्यांदा त्या भिंतीवर पडते, आणि एवढी महागाची वस्तू तिथं टांगली तर दृष्ट लागणारच. पेन्सिलची खूण तिनं पदरानं पुसून टाकली.

दुसरी खूण जिन्याखाली झाली. ऊन नाही, पाऊस नाही, कोणाच्या डोळ्यात येत नाही. पण जिन्याखाली हळद असते. आमचं थोडं रान वसमतकडं आहे. हळद काय, आठ-नऊ महिने जमिनीत, मग काढा, शिजवा, वाळवा, पॉलिश करा, आणि हे सगळं झालं की खरं काम सुरू होतं, ते म्हणजे भावाची वाट बघणं. ते काम आमच्या जिन्याखाली चालतं. हिंगोलीच्या मार्केट यार्डात भाव चढला की अण्णा म्हणतात "अजून चढंल", आणि उतरला की म्हणतात "आता कशाला विकायची". त्यामुळं पोती कधी हलतील हे शास्त्रज्ञांनाही सांगता येणार नाही. मी म्हटलं, पोती थोडी सरकवू. अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी परक्या गावचा आहे. "२०२४ ला वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन भेटलं. त्या मालाला तू एका डब्यासाठी जिन्याखालून उठवायलास?" आणि समजा हळद विकली गेलीच, तर तिच्या जागी कूलर येतो. उन्हाळ्यात कूलर बाहेर, हळद आत. हळद गेली की कूलर आत. जिन्याखालची वहिवाट बारमाही आहे.

तिसरी भिंत आग्नेयेची. ती सुचवली माझ्या मावससासूबाईंनी, फोनवरून. वीज म्हणजे अग्नी, अग्नी म्हणजे आग्नेय, असं त्यांचं साधं गणित. योगायोगानं ती भिंत शेजारच्या काकांच्या घराला लागून आहे, आणि बोअरच्या मोटारीचा स्टार्टर आधीपासून तिथं आहे. खुणेचा आवाज भिंतीपलीकडं कसा गेला कोण जाणे, पण काका बनियनवर हजर झाले.

"सर, आमच्या भिंतीत करंट उतरणार नाही ना? पलीकडून आमची मोरी हाय."

नाही उतरणार, मिस्त्री म्हणाला. काकांनी विचार केला. "मग एक पॉइंट इकडून बी काढता येईल का? पोरगं स्कूटी घेतो म्हनायलंय, बॅटरीची."

औंढ्याच्या देवळातली विसोबा खेचरांची गोष्ट आमच्याकडं लहानपणीच सांगतात. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथं देव नसेल तिथं ठेव. नामदेवांनी पाय उचलून जिथं जिथं ठेवले तिथं तिथं पिंड उगवली. नामदेव आमच्याच नर्सीचे, त्यामुळं ही गोष्ट आम्हाला घरची वाटते. पण तिचा अर्थ मला त्या दुपारी उमगला. मिस्त्रीची पेन्सिल जिथं टेकायची तिथं कोणाचा ना कोणाचा हक्क उगवायचा.

मधल्या काळात पुण्याहून मुलाचे व्हिडिओ कॉल सुरू होते. "बाबा, सात पॉइंट दोन किलोवॅटचा वॉलबॉक्सच घ्या, फ्यूचर-प्रूफ." त्याच्या स्वतःच्या सोसायटीत चार्जरचा अर्ज सेक्रेटरीच्या टेबलावर मुक्कामाला आहे, आणि पार्किंगमधला त्याचा खांब कोणाच्या मालकीचा यावर सभा होतात. तरी सल्ला देण्यापुरती त्याच्याकडं भरपूर जागा आहे. मिस्त्रीनं फोन हातात घेऊन त्याला शांतपणे समजावलं. सात किलोवॅट म्हणजे सिंगल फेजवर बत्तीस अँपिअर, त्यात आईचा कूलर, वरचा एसी, बोअरची मोटार. आधी मंजूर भार वाढवून घ्या, सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढा, मग बोला. "अन् सर जातेत कुठं? कळमनुरीला. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. एका युनिटला सात-आठ किलोमीटर धरा. पाच-सहा युनिट. पंधरा अँपिअरच्या साध्या पॉइंटवर दोन तासांत भरते गाडी. रात्रभर लावली तर सगळी टाकी फुल." मुलानं कॉल कट केला. नेटवर्क गेलं असं नंतर म्हणाला.

यात पैशाचा भाग अण्णांनी काढला. घरी गाडी चार्ज करायला वेगळं कनेक्शन लागत नाही, आहे त्याच मीटरवर करता येते, असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलंय. ते वाचून मी खूश होतो. अण्णांनी कॅल्क्युलेटर न घेता सांगितलं, महिन्याला दीडशे युनिट वाढले की आपण शंभर-तीनशेच्या टप्प्यातून तीनशे-पाचशेच्या टप्प्यात जाणार, आणि वरच्या युनिटांना वरचा दर. स्मार्ट मीटर असेल तर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापरलेल्या विजेवर सवलत मिळते, हेही त्यांनीच पेपरात वाचलेलं. "मग दिवसा लाव." दिवसा गाडी कळमनुरीला कॉलेजच्या लिंबाखाली असते, हे मी नम्रपणे निदर्शनास आणलं. "मग तू घरी थांब अन् गाडी पाठव," आई म्हणाली. तिनं हे विनोदानं म्हटलं की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

तरीही डिझेलच्या मानानं हा खर्च किरकोळच आहे, आणि अण्णांनाही ते मान्य आहे. फक्त मान्य केल्याचं त्यांना कुठं नोंदवायचं नाही.

खरा पेच निघाला तो भिंतीत नव्हता. मिस्त्रीनं सहज विचारलं, "सर, घराचं अर्थिंग कुठंय?" घरात शांतता पसरली. अण्णांना बांध माहीत, आईला तुळस माहीत, पण अर्थिंग कोणालाच माहीत नव्हतं. शोधाशोध केल्यावर मागच्या दारी, धुण्याच्या दगडाजवळ, एक गंजकी तार जमिनीत शिरताना सापडली. मिस्त्रीनं ती हलकेच ओढली. तार बाहेर आली. खाली काहीही नव्हतं.

"म्हणजे इतकी वर्षं?" मी विचारलं.

"इतकी वर्षं नागनाथाची कृपा," मिस्त्री म्हणाला.

फ्रिज, मिक्सर, टीव्ही यांनी ही गोष्ट कधी बोलून दाखवली नाही. गाडी मात्र लगेच बोलते. नीट अर्थिंग मिळालं नाही तर बहुतेक चार्जर लाल दिवा लावून बसतात, युनिटभर वीज घेत नाहीत. आमच्याकडं काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि कोरड्या मातीत करंटला वाट मिळत नाही. म्हणून नवीन खड्डा, त्यात पट्टी, भोवती मीठ आणि लोणारी कोळसा, वरून पाणी घालायला पाइप, आणि मीटरशेजारी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे चुकून कोणाला धक्का बसलाच तर डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तुटेल. मिठाचं नाव निघाल्याबरोबर आईचा चेहरा उजळला. दृष्ट काढायला मीठ लागतंच, आणि इथं तर पोतंभर मीठ जमिनीत पुरायचं होतं. तिच्या दृष्टीनं चार्जरचा प्रश्न तिथंच सुटला. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी ओतायचं कामही तिनं मागून घेतलं. तुळशीला पाणी घालून झालं की अर्थिंगला.

खड्डा गेटजवळ निघाला, कारण मीटर तिथं. आता चार्जरही तिकडंच, गेटजवळच्या खांबावर हवा, पण गाडी भरायची कुठून? इतका वेळ हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. तो विचारला बायकोनं, पोहे देता देता. "अहो, तिला वायर खुपसायची तरी कुठं?" कोणी कंपनी चार्जिंगचं तोंड मागं देते, डिझेलच्या झाकणासारखं, कोणी पुढच्या नाकात. आमच्या गाडीला ते नाकात आहे. मी गाडी नाकासमोर सरळ आत घालतो, म्हणजे तोंड जिन्याकडं. केबल पाच मीटर. गेटजवळच्या खांबापासून ती बॉनेटपर्यंत पोचायची नाही, मध्ये अख्खी गाडी आडवी.

अण्णा हसले. कित्येक वर्षं ते मला सांगत आलेत की गाडी उलटी आत घालावी, तोंड रस्त्याकडं असावं, अडीअडचणीला लगेच निघता येतं. मी ऐकलं नव्हतं, कारण आमचं गेट अरुंद आणि मला रिव्हर्स धड येत नाही. औंढ्याला नामदेवांनी देवळामागं कीर्तन मांडलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडं फिरलं, म्हणूनच तिथं नंदी मागच्या बाजूला आहे, असं आम्ही ऐकत आलो. आमचं घर फिरायला तयार नव्हतं. गाडी फिरवावी लागली.

आता रोज संध्याकाळी गल्लीत माझ्या रिव्हर्सचा कार्यक्रम असतो. शेजारचे काका गेटजवळ उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या... बास, बास!" म्हणतात, आणि बास म्हणेपर्यंत कुंडीला लागलेलं असतं. पोरं क्रिकेट थांबवतात. गाडी शेवटी तोंड बाहेर करून उभी राहते, केबल खांबावरून आरामात पोचते, आणि दिव्याला निघालेली आई जाता जाता बॉनेटलाही हात जोडते. दसऱ्याच्या आत काम व्हायलाच हवं होतं, कारण दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा असलेला आमचा हिंगोलीचा दसरा आणि घरात नवी गाडी बिनपूजेची, हे शोभलं नसतं. गाडीला झेंडूचा हार पडला. चार्जरला छोटा. अर्थिंगच्या झाकणावर आईनं हळदी-कुंकू वाहिलं, आणि हळद अर्थात जिन्याखालची होती.

खांबावर मात्र अण्णांनी नंतर हक्क सांगितला. चार्जरच्या वरच्या खिळ्याला त्यांची छत्री असते. मी हरकत घेतली नाही, फेरफार झाला.

तुम्ही अशी गाडी घेणार असाल तर शोरूमला जाण्याआधी वायरमनला घरी बोलवा आणि अर्थिंग मोजून घ्या. गाडीचा रंग नंतरही ठरवता येतो.