बॅटरी ठणठणीत आहे!

पुण्यात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा वार, तेव्हा लाइट जाण्याचं नवल नाही. आमच्याकडे लाइटमागोमाग इन्व्हर्टरही जायचा. टीव्हीवरच्या बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत टीं टीं करून मान टाकायचा. बंद करून पुन्हा चालू केला की आज्ञाधारकपणे कामाला लागायचा, आणि चारही पंखे वेग घेईपर्यंत परत टीं टीं.

बायको म्हणाली, इलेक्ट्रिशियनला बोलवा. मी मल्टिमीटर आणला. ओहमचा नियम शाळेत पाठ केलेला माणूस बारा व्होल्टच्या डब्यापुढे हात टेकणार नाही, असा माझा समज होता. सगळं बंद करून सुया बॅटरीच्या टोकांना टेकवल्या. १२.६ व्होल्ट! स्वस्थ बसलेली भरलेली बॅटरी साधारण एवढंच दाखवते. ‘बॅटरी ठणठणीत आहे!’ मी जाहीर केलं.

‘मग पंखा का थांबतो?’ आईने विचारलं. प्रश्न अवैज्ञानिक असल्याने मी उत्तर दिलं नाही.

मग मला वाटलं, इन्व्हर्टर तापत असेल. त्याच्यापुढे टेबलफॅन लावला. तो फॅन इन्व्हर्टरच्याच लाइनवर होता, हे बायकोने पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली तेव्हा ते संशोधन मी गुंडाळलं.

उरला लोड. ७५ वॅटचे चार पंखे, २० वॅटच्या चार ट्यूब, १०० वॅटचा टीव्ही. ५०० वॅटसुद्धा होत नाहीत आणि इन्व्हर्टर ९०० व्हीएचा. तरी मी रेशनिंग सुरू केलं. आईचा पंखा चालू तर आमचा बंद, टीव्ही हवा तर ट्यूब एकच. आणि इन्व्हर्टर चालला की हो! पुरवठा तोच ठेवून गिऱ्हाइकं कमी केली की टंचाई मिटते, हा शोध मी घामाघूम कुटुंबापुढे मांडला. त्याच संध्याकाळी बायकोने फोन केला.

आलेला इलेक्ट्रिशियन माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने मेन स्विच पाडला आणि म्हणाला, ‘साहेब, आता घरातलं सगळं लावा.’ बॅटरीच्या ट्रॉलीवर बायकोने विणलेला रुमाल होता, त्यावर फुलदाणी. ते उचलून त्याने टर्मिनलवर नुसता पंजा ठेवला. ‘हात लावून बघा.’ मी लावला आणि लावला त्याहून लवकर काढला. तारेच्या टोकावर हिरवट-निळा मोरचूद साचला होता. आम्लाच्या वाफा तांब्याला लागल्या की तो धरतो. नटही सैल होता.

मग त्याने माझाच मल्टिमीटर मागून घेतला. चालू लोडवर बॅटरीच्या खुंट्यांवर १२ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टोकाला १०.५. मधले दीड व्होल्ट त्या मोरचुदाने खाल्ले होते. साडेदहाच्या आसपास इन्व्हर्टर बॅटरी संपली असं समजून स्वतःला बंद करतो. बंद झाला की करंट थांबतो, व्होल्टेज परत वर येतं, म्हणून पुन्हा चालूही होतो. एका पंख्याला करंट थोडा, म्हणून घटही थोडी. माझ्या रेशनिंगचं यश ते एवढंच. पूर्ण लोडला बॅटरीतून ५० अँपिअर जात होते. त्यांना दीड व्होल्टने गुणलं तर ७५ वॅट. म्हणजे घरात एक पाचवा पंखा चालू होता आणि त्याचं वारं कुणालाच लागत नव्हतं.

गरम पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश, तारेच्या टोकाला थोडा पॉलिशपेपर, नट आवळून वर पेट्रोलियम जेली. बिल मल्टिमीटरच्या किमतीहून कमी झालं.

तुमच्याकडेही बॅटरीवर रुमाल असेल तर आजच उचला. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, बॅटरीला मोकळी हवा लागते. टर्मिनल साफ करायचं तर इन्व्हर्टर आणि चार्जिंग दोन्ही बंद करा, बोटातली अंगठी काढा, आधी काळी तार सोडा, मग लाल. बसवताना आधी लाल. व्होल्टेज मोजायचं ते सगळे पंखे चालू असताना, आणि इन्व्हर्टरच्या टोकाला. मल्टिमीटर हवा असल्यास आमचा अर्ध्या किमतीत द्यायचं घरात ठरलं आहे. माझं मत अजून कुणी विचारलेलं नाही.